टाहो की सबर्बन? अमेरिकेत मोठी एसयूव्ही घेताना लांबीचा हिशोब

अमेरिकेत फुल-साइज एसयूव्हींची नावं बहुतेक जोडीनेच येतात. शेवरलेची टाहो आणि सबर्बन, जीएमसीची युकॉन आणि युकॉन एक्सएल, फोर्डची एक्स्पिडिशन आणि एक्स्पिडिशन मॅक्स, जीपची ग्रँड वॅगनीअर आणि ग्रँड वॅगनीअर एल, कॅडिलॅकची एस्कलेड आणि एस्कलेड ईएसव्ही. इंजिनं तीच, डॅशबोर्ड तोच, पुढच्या सीटही त्याच. शोरूमच्या दारातून समोरून पाहिलं तर आखूड कोणती आणि लांब कोणती हे ओळखूही येत नाही. इतकी वर्षं कॅमरी किंवा सीआर-व्ही चालवली, आता दुसरं-तिसरं मूल झालंय आणि आई-बाबा सहा महिन्यांसाठी येणार आहेत, अशा घरांसाठी हा लेख आहे.

आधी आकाराचा अंदाज घेऊ. आपल्याकडची इनोव्हा क्रिस्टा ४,७३५ मिलिमीटर लांब आहे. २०२१ ते २०२४ ची टाहो ५,३५२ आणि सबर्बन ५,७३३. म्हणजे सबर्बन इनोव्हापेक्षा जवळपास एक मीटरने लांब. शेवरले म्हटल्यावर ज्यांच्या डोळ्यांपुढे शिर्डीला जाणारी टवेरा येते, त्यांनी ती बाजूला ठेवलेलीच बरी.

या जोडीतली कोणती घ्यायची ते एका प्रश्नावर ठरतं: सगळ्या सीट भरलेल्या आहेत आणि त्याच वेळी डिक्कीही भरलेली आहे, असं तुमच्या घरी वर्षातून किती वेळा होतं? नुसत्या सीट भरत असतील किंवा नुसती डिक्की भरत असेल, तर आखूड गाडी पुरते. दोन्ही एकदम भरू लागलं की लांब गाडीचा विचार सुरू होतो.

पायरी पहिली: माणसं आणि बॅगा एकत्र मोजा

कागद घ्या आणि मागच्या वर्षातले मोठे प्रवास आठवून लिहा. कोण होतं, कुठे गेलो, सामान काय होतं. पुढच्या वर्षी काय होईल याच्या कल्पना नकोत, झालेलंच लिहा. गाडी घ्यायची म्हटलं की प्रत्येक जण यलोस्टोनला निघालेला असतो.

बहुतेक मराठी घरांत यादीत पहिला येतो तो विमानतळ. भारत-अमेरिका प्रवासात बऱ्याच विमान कंपन्यांच्या इकॉनॉमी तिकिटावर माणशी २३ किलोच्या दोन बॅगा चालतात, आणि लांबी, रुंदी, उंची मिळून बॅगेची मर्यादा १५८ सेंटिमीटर. आई-बाबा आले की चार मोठ्या बॅगा, दोन केबिन बॅगा, शिवाय लोणच्याच्या बरणीला धक्का नको म्हणून हातात धरलेली एक पिशवी. आणायला गेलेले नवरा, बायको, दोन मुलं. म्हणजे सहा माणसं.

इथे बरेच जण सबर्बनवर शिक्का मारून मोकळे होतात. पण थांबा. टाहोची तिसरी रांग ६०:४० अशी विभागून मिटते. सहा जण असले तर पुढे दोघं, मधल्या रांगेत दोघं आणि मागच्या मोठ्या भागात दोघं बसतात. उरलेला ४० टक्क्यांचा भाग मिटवला की डिक्कीपासून मधल्या सीटच्या पाठीपर्यंत एक लांब पट्टा मोकळा होतो. दोन बॅगा तिथे आडव्या, बाकीच्या मागे उभ्या. निभतं. आणि विमानतळावर घरातल्या सगळ्यांनी जायलाच हवं, असा काही नियमही नाही.

लांब गाडीची खरी गरज पडते ती वेगळ्या घरांना. तीन मुलं आणि सोबत आजी-आजोबा, म्हणजे तिसरी रांग कायम उघडी, आणि आठवड्याचा प्रवास. किंवा शाळेचं कारपूल: सात मुलं आणि सात दप्तरं, वर कुणाचं क्रिकेट किट, कुणाचा चेलो. किंवा जुळी मुलं आणि त्यांची दुहेरी स्ट्रोलर, जी कुठल्याही कोनातून घातली तरी जागा खातेच. गणपतीच्या ढोल-ताशा पथकात असाल तर दोन ढोल मागे टाकून मुलांनाही सोबत न्यायचं काय होतं, ते तुम्हाला सांगायला नको.

माझं मत असं: सीट आणि डिक्की एकदम भरण्याची वेळ महिन्यातून एकदा तरी येत असेल तर लांब गाडी घ्या. वर्षातून दोन-तीनदाच येत असेल तर आखूड घ्या, आणि त्या वेळेपुरता मागच्या हिचवर, म्हणजे ट्रेलर जोडायच्या जागी, सामानाचा ट्रे लावा. हिचचा ट्रे मागचे दिवे आणि नंबरप्लेट झाकत नाही ना, आणि तो लावल्यावर मागचं दार उघडतं का, एवढं मात्र विकत घेण्याआधी पाहा. छतावरची पेटी हा दुसरा उपाय. तिची अडचण पुढच्या पायरीत आहे.

पायरी दुसरी: गाडी मोजण्याआधी घर मोजा

घोडं पेंड खातं ते इथे. अमेरिकेतल्या कितीतरी घरांची गराज आतून २० फूट खोल असतात. २० फूट म्हणजे २४० इंच. टाहो २१०.७ इंच, म्हणजे साधारण २९ इंच उरले. सबर्बन २२५.७ इंच, म्हणजे १४ इंच. या १४ इंचांत पुढची भिंत, मागचं गराजचं दार आणि मधून जाणारा माणूस, सगळं बसवायचंय. आणि ही मोकळ्या गराजची गोष्ट झाली. आपल्या घरच्या गराजमध्ये समोरच्या भिंतीला दुसरा फ्रीज असतो, त्याच्याशेजारी कॉस्टकोतून आणलेले कागदी टॉवेल आणि तांदळाच्या पिशव्या. वॉटर हीटर तिथेच असेल तर विषयच संपला.

म्हणून इंची टेप घेऊन तीन मापं काढा. भिंतीपासून नाही, तर समोर जी वस्तू सर्वांत पुढे आली आहे तिच्यापासून बंद दारापर्यंतची खोली. दाराची उंची. दाराची रुंदी. दोन गाड्यांची रुंदी सारखीच आहे, आरसे सोडून सुमारे ८१ इंच, त्यामुळे अरुंद दाराचा त्रास दोघींना सारखाच. गराजचं एका गाडीपुरतं दार ८ फुटी, म्हणजे ९६ इंचांचं असेल तर रोज जीव मुठीत धरून आत घालावी लागेल.

उंचीचंही तसंच. गाडी सुमारे ७६ इंच, गराजचं नेहमीचं दार ७ फूट म्हणजे ८४ इंच. म्हणजे छतावर सामानाची पेटी बसवली की गाडी गराजमध्ये जाणार नाही आणि शहरातल्या बऱ्याच बहुमजली पार्किंगमध्येही जाणार नाही. जागा कमी पडली तर छतावर पेटी बसवू, असं म्हणून आखूड गाडी घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

अपार्टमेंटमध्ये राहत असाल तर आखलेल्या जागेची लांबी मोजा. १८ फुटांची आखणी सर्रास दिसते. टाहो त्यात पाच इंच राखून बसते. सबर्बनचं नाक किंवा शेपूट जवळपास दहा इंच बाहेर राहतं. ड्राइव्हवे छोटा असेल तर गाडी फुटपाथवर येते का तेही बघा, कारण त्यावरून सोसायटीचं, म्हणजे एचओएचं, पत्र येऊ शकतं.

आणि शेवटी रोजचा रस्ता. लांब व्हीलबेसची, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांत जास्त अंतर असलेली गाडी वळायला जास्त जागा घेते. टेक्ससच्या उपनगरात राहणाऱ्याला हे जाणवणारही नाही. पण रविवारी दुपारी एडिसनच्या ओक ट्री रोडवर किंवा शिकागोच्या डेव्हन अव्हेन्यूवर भाजी आणायला जाणाऱ्याला दर आठवड्याला जाणवेल.

पायरी तिसरी: वाढलेली लांबी गेली कुठे ते पाहा

लांब गाडी म्हणजे सगळ्यांनाच ऐसपैस, असं वाटतं. तसं नाही. टाहो आणि सबर्बनमध्ये मधल्या रांगेत पाय ठेवायची जागा अगदी सारखी आहे, ४२ इंच. तिसऱ्या रांगेत टाहोला ३४.९ आणि सबर्बनला ३६.७ इंच, म्हणजे दोन इंचांहून कमीच फरक. गाडी मात्र १५ इंचांनी लांब. बाकीची लांबी गेली डिक्कीत: तिसरी रांग उघडी असताना तिच्यामागे टाहोत २५.५ घनफूट आणि सबर्बनमध्ये ४१.५ घनफूट. विकत घेताय ते हे १६ घनफूट.

फोर्ड आणि जीपमध्ये तर हे आणखी स्पष्ट आहे. एक्स्पिडिशन मॅक्स साध्या एक्स्पिडिशनपेक्षा साधारण एक फुटाने लांब, पण तिसऱ्या रांगेतल्या पायांना त्याचा फायदा जवळपास नाही. २०१८ ते २०२४ च्या गाड्यांत तिसऱ्या रांगेमागची जागा सुमारे २१ घनफुटांवरून ३६ वर जाते, एवढाच काय तो फरक. जीपच्या वॅगनीअर गाड्यांत ती सुमारे २७ वरून ४४ वर. साध्या एक्स्पिडिशनची तिसरी रांग टाहोपेक्षा पायांना थोडी मोकळी, डिक्की मात्र लहान. त्यामुळे तुमची तक्रार 'मागे बसलं की गुडघे दुखतात' ही असेल तर लांब गाडीऐवजी दुसऱ्या कंपनीची आखूड गाडी जास्त उपयोगी पडू शकते.

घनफुटांच्या आकड्यांवर मात्र फार विसंबू नका. ते छतापर्यंत मोजलेले असतात, आणि छतापर्यंत बॅगा रचणं धोक्याचं आहे. जोरात ब्रेक दाबला की सीटच्या पाठीवरच्या बॅगा पुढे बसलेल्यांच्या डोक्यावर येतात. तिसऱ्या रांगेच्या पाठीपासून मागच्या दारापर्यंत जमिनीवर किती इंच आहेत ते टेपने मोजा, आणि सीटच्या पाठीएवढ्याच उंचीत तुमचं सामान मावतं का ते पाहा.

जाता जाता एक गोष्ट, विक्रेता आपणहून सांगणार नाही म्हणून. टोयोटा सिएना या मिनीव्हॅनमध्ये तिसऱ्या रांगेमागे ३३.५ घनफूट जागा आहे, टाहोपेक्षा बरीच जास्त. सरकणारी दारं, खाली असलेली फरशी आणि हायब्रिड असल्याने गॅलनला ३५-३६ मैल. बोट किंवा कॅम्पर ओढायचा नसेल आणि डोंगरातल्या बर्फाची काळजी नसेल, तर एकदा तिच्यातही बसून या. मिनीव्हॅन म्हटल्यावर तोंड वाकडं करणारे मला माहीत आहेत, पण आजीच्या गुडघ्यांना गाडीच्या रुबाबाशी काही देणंघेणं नसतं.

पायरी चौथी: ज्यांना बसायचंय त्यांना बसवा

गाडी पाहायला एकट्याने जाऊ नका. आई-बाबा इथे असतील तर त्यांना न्या, मुलांच्या सीट न्या, दोन रिकाम्या मोठ्या बॅगाही न्या. शोरूममधले लोक बघतील, बघू द्या.

आईला साडीत गाडीत चढू द्या, कोणी हात न देता. पाय कुठे ठेवला जातो, हात कशाला धरला जातो, मधेच थांबावं लागतं का ते नीट पाहा. बाजूची पायरी नसेल तर बहुतेक ज्येष्ठांना या गाड्या उंच पडतात. वरच्या मॉडेलमध्ये आपोआप बाहेर येणारी पायरी मिळते, आणि जीएमच्या, म्हणजे शेवरले, जीएमसी आणि कॅडिलॅकच्या मूळ कंपनीच्या, काही मॉडेलमध्ये हवेचं सस्पेन्शन असतं, जे चढताना गाडी दोन इंच खाली आणतं. सोय चांगली आहे, पण वॉरंटी संपल्यावर तिची दुरुस्ती महाग पडते. साध्या, पक्क्या बसवलेल्या पायरीने काम भागत असेल तर तीच बरी.

मग मधली रांग. बाक घेतला तर आठ माणसं, दोन वेगळ्या खुर्च्या घेतल्या तर सात. लहान मुलं असलेल्या घरात मी खुर्च्यांच्या बाजूने आहे, कारण मधल्या सीटवर मागे तोंड असलेली बाळाची सीट बसवली की ती सीट पुढे ढकलून तिसऱ्या रांगेत जाता येत नाही. खुर्च्यांच्या मधली वाट असेल तर मोठं मूल तिथून सरळ मागे जातं. एक आकडाही लक्षात ठेवा: सीट अडकवायच्या खालच्या हुकांना, म्हणजे लॅचला, वजनाची मर्यादा असते, मूल आणि सीट मिळून साधारण ६५ पौंड. त्यापुढे गाडीचा पट्टा वापरावा लागतो. तिसऱ्या रांगेत हुक कुठल्या जागांवर आहेत ते प्रत्येक गाडीत वेगळं असतं, म्हणून मुलाची सीट तिथे प्रत्यक्ष बसवूनच पाहा.

तिसऱ्या रांगेत स्वतः बसा. दोन मिनिटं नाही, निदान चाचणी-फेरीभर. दुसऱ्याला चालवू द्या. गुडघे मांडीपेक्षा वर येतात का, पाय मधल्या सीटखाली सरकतात का, एसीची हवा तिथवर पोचते का, हे तिथेच कळतं.

पायरी पाचवी: दाराच्या चौकटीवरचा स्टिकर वाचा

ड्रायव्हरचं दार उघडलं की चौकटीवर टायरच्या हवेचा एक पांढरा-पिवळा स्टिकर असतो. त्यावर लिहिलेलं असतं की माणसं आणि सामान मिळून इतक्या पौंडांपेक्षा जास्त वजन गाडीत असू नये. हा आकडा त्या विशिष्ट गाडीचा असतो, माहितीपत्रकातला नव्हे. सनरूफ, मोठी चाकं, फोर-व्हील ड्राइव्ह जोडत गेलं की तो कमी होतो.

लांब गाडीत जागा वाढते, वजन वाहायची क्षमता त्या प्रमाणात वाढत नाही. गाडी स्वतःच जड होते, त्यामुळे स्टिकरवरचा आकडा जवळपास तेवढाच राहतो, कधी थोडा कमीही होतो. या गाड्यांमध्ये तो साधारण १,६०० ते १,८०० पौंडांच्या आसपास दिसतो. आता हिशोब करा: ७५ किलोचे आठ मोठे लोक म्हणजे ६०० किलो, प्रत्येकाची २३ किलोची एक बॅग म्हणजे आणखी १८४. एकूण ७८४ किलो, सुमारे १,७३० पौंड. डिक्कीत जागा उरलेली दिसते, गाडीची वजनाची मर्यादा मात्र संपत आलेली असते. मागे ट्रेलर जोडला तर त्याच्या दांड्याचं वजन, म्हणजे ट्रेलरच्या साधारण १० ते १५ टक्के, तेही यातच धरायचं. ओढण्याची ताकद दोघींची जवळपास सारखीच. टाहोची कमाल ८,४०० पौंड, सबर्बनची ८,३००.

पायरी सहावी: पैसे

यावर फार वेळ घालवू नका. त्याच इंजिनाच्या आणि त्याच दर्जाच्या आखूड आणि लांब गाडीच्या किमतीत साधारण तीन हजार डॉलरच्या आसपास फरक असतो. एवढ्या महाग गाडीत तो निर्णायक नसतो. पेट्रोलचा फरक तर ईपीए या सरकारी पर्यावरण संस्थेच्या मायलेज स्टिकरवर गॅलनला शून्य ते एक मैल. ५.३ लिटरच्या व्ही-८ इंजिनावर दोन्ही गाड्या गॅलनला १६-१७ मैलांच्या आसपास, म्हणजे आपल्या भाषेत लिटरला सात किलोमीटर. वर्षाला १२,००० मैल चालवले तर १७ च्या हिशोबाने सुमारे ७०६ गॅलन, १६ च्या हिशोबाने ७५०. हायवेवरच जास्त फिरत असाल तर शेवरले आणि जीएमसीचं ३ लिटरचं डिझेल दोन्ही लांबींत मिळतं आणि वीस मैलांच्या पुढे जातं.

खरा पैसा जातो तो लांबीत नाही, मॉडेलच्या दर्जात. वरच्या मॉडेलची आखूड गाडी आणि खालच्या मॉडेलची लांब गाडी एकाच किमतीला समोर आली, तर पहिल्या पायरीतला कागद काढा आणि त्यावरून ठरवा. कातडी सीटमुळे डिक्कीत एकही बॅग जास्त मावत नाही. विक्रेत्याशी बोलताना मासिक हप्त्यावर चर्चा नको. कर, नोंदणी आणि त्यांची सगळी फी धरून एकूण किती, हा एकच आकडा लेखी मागा.

पायरी सातवी: शुक्रवार ते सोमवार भाड्याने घ्या

या गाड्या भाड्याने सहज मिळतात. विमानतळांवरच्या ताफ्यात टाहो आणि सबर्बन दोन्ही असतात. लांब गाडीबद्दल मन होकार देत असेल तर तीच भाड्याने घ्या, कारण त्रास होणार असेल तर तिच्यातच होणार. सहलीला जाऊ नका. नेहमीचंच करा: शाळा, पोहण्याचा वर्ग, किराणा, मंदिर, आणि रात्री आपल्या गराजमध्ये रिव्हर्स. घरातले जे जे गाडी चालवतात त्या सगळ्यांनी चालवून पाहायची. २०१८ च्या मेपासून अमेरिकेत नव्या गाड्यांना मागचा कॅमेरा सक्तीचा आहे, त्यामुळे मागे घेणं वाटतं तेवढं कठीण नाही. अवघड जातं ते पार्किंगच्या अरुंद गल्लीत नाक वळवणं. घरातल्या एकालाही ती गाडी चालवायला नकोशी वाटली तर ती दारात उभी राहते आणि सगळी कामं जुन्या कॅमरीवर पडतात.

जुनी गाडी घेणार असाल तर

इथे वर्ष फार महत्त्वाचं आहे. २०२१ च्या मॉडेलपासून जीएमने मागची दोन चाकं जोडणारा अखंड ॲक्सल काढून प्रत्येक चाकाला स्वतंत्र सस्पेन्शन दिलं, त्यामुळे मागची फरशी खाली गेली. त्याआधीच्या, २०१५ ते २०२० च्या टाहोत तिसऱ्या रांगेत पायांना फक्त २४.८ इंच होते आणि मागे १५.३ घनफूट. मोठ्या माणसाने तिथे बसणं म्हणजे उकिडवं बसणं. त्याच काळातल्या सबर्बनमध्ये मागे ३९.३ घनफूट होते. त्यामुळे २०२१ नंतरची गाडी घेताना आखूड-लांब हा खरा प्रश्न आहे. २०२० पर्यंतच्या गाडीत तिसरी रांग नेहमी लागणार असेल तर मी टाहोचा विचारच करणार नाही.

६.२ लिटरचं व्ही-८ इंजिन असलेली २०२१ ते २०२४ ची जीएम गाडी पाहत असाल तर आणखी एक तपासणी करा. एप्रिल २०२५ मध्ये कंपनीने इंजिनाच्या आतल्या बेअरिंग आणि क्रँकशाफ्टमधल्या दोषासाठी अमेरिकेत जवळपास सहा लाख पिकअप आणि एसयूव्ही परत बोलावल्या. त्यात टाहो, सबर्बन, युकॉन आणि एस्कलेड आहेत. एनएचटीएसए या सरकारी संस्थेच्या संकेतस्थळावर गाडीचा १७ अक्षरी व्हीआयएन क्रमांक टाकला की राहिलेलं काम फुकटात दिसतं. दुरुस्ती झाल्याचा कागद विक्रेत्याकडे नसेल तर डिपॉझिट देऊ नका.

मग मागची रांग बटणाने चार-पाच वेळा मिटवून उघडून पाहा, मागच्या एसीची हवा हाताला थंड लागते का ते पाहा, आणि गाडी विक्रेत्याच्या ओळखीच्या नव्हे तर तुम्ही निवडलेल्या मेकॅनिककडे एक तासासाठी न्या. विक्रेता त्याला नाही म्हणाला तर दुसरी गाडी बघा. टाहो आणि सबर्बन दोन्ही बाजारात चिकार आहेत.